दाराशी कुणीतरी हवे



पावसाळ्यात बागेतली कुंडी सरकवली की तिच्या बुडाखालच्या ओलसर मातीत राखाडी, खवलेदार पाठीचे, नखाएवढे प्राणी लगबगीने अंधार शोधताना दिसतात. काही जातींचे प्राणी डिवचले की गोळी होतात, म्हणून पुष्कळजण त्यांना वाण्याचे, म्हणजे आपण ज्याला पैसा किडा म्हणतो त्याचे, भाऊबंद समजतात. तसे ते नाहीत. किडे म्हणजे कीटकही ते नव्हेत. कीटकाला सहा पाय, यांना चौदा. त्यांची खरी सोयरीक समुद्रातल्या कोळंबीशी आणि खेकड्याशी आहे. जीवशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यांच्या गणाला समपाद म्हणतात, कारण खेकड्यासारखी नांगी वगैरे भानगड न ठेवता त्यांचे सगळे पाय साधारण एकसारखे असतात. या गणातल्या जमिनीवर राहणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जातींतील एकाच जातीबद्दल मी आज बोलणार आहे. ती आपल्याकडची नाही. उत्तर आफ्रिकेपासून इस्राएलच्या नेगेव वाळवंटापर्यंत आणि सीरियापर्यंत ती आढळते. तिचे शास्त्रीय नाव हेमिलेपिस्टस रिओमुरी. रेओम्युर या अठराव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून ते दिलेले आहे. आपण तिला नुसते वाळवंटी समपाद म्हणू. हा दोनेक सेंटिमीटरचा प्राणी जोडी करून राहतो, आयुष्यात एकच जोडीदार धरतो, पिल्लांना घरात ठेवून खाऊ घालतो आणि आपले कोण, परके कोण हे ओळखतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की हे कुटुंब मायेतून उगवलेले नाही आणि रक्ताच्या नात्यातूनही नाही. राखले नाही तर जाते आणि गेले तर पुन्हा मिळत नाही, असे घर पदरी पडले म्हणून ते उगवले. माया, तिला माया म्हणायचे असेल तर, मागाहून आली.

हे पटायला आधी समपादाच्या शरीराची अडचण समजून घ्यावी लागते. समुद्रातून जमिनीवर आलेल्या प्राण्यांपैकी कीटकांनी अंगावर मेणाचा पातळ लेप चढवला आणि पाणी आत कोंडून ठेवले. समपादांच्या कवचावर तसा लेप जवळपास नाही. त्यांचे श्वासोच्छ्वासाचे अवयव पोटाखालच्या मागच्या पायांवर आहेत. ते मुळात कल्ल्यांसारखे, त्यामुळे ते ओले राहिले तरच चालतात. पुढे काही जातींत त्या पायांत हवेच्या बारीक नळ्या तयार झाल्या, पण ओलीची गरज संपली नाही. मूत्रातून जाणारा नायट्रोजन आपण पाण्यात विरघळवून टाकतो; समपाद तो अमोनिया वायूच्या रूपात हवेत सोडतो, तेवढीच पाण्याची बचत. कात तो दोन हप्त्यांत टाकतो, आधी मागचा अर्धा, नंतर पुढचा, आणि बहुधा टाकलेली कात खाऊन टाकतो. सर्वांत बोलका पुरावा मादीच्या पोटाखाली असतो. तिथे द्रवाने भरलेली एक पिशवी तयार होते, अंडी त्या पिशवीत वाढतात आणि पिल्ले तिथूनच बाहेर पडतात. समुद्र सोडून कोट्यवधी वर्षे झाली, तरी मादी पिल्लांसाठी एक चमचाभरसुद्धा भरणार नाही एवढा समुद्र अजून पोटाशी बाळगून फिरते. पिल्लाला जन्मतः पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी नंतर फुटते. अशा शरीराच्या प्राण्याने कुंडीखाली, पालापाचोळ्यात, कुजक्या लाकडाखाली राहावे हे साहजिक आहे. त्याने वाळवंटात काय करावे, हा प्रश्न आहे.

नेगेवच्या मध्यभागी वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही हिवाळ्यात. जुलैतल्या एखाद्या झोडपून काढणाऱ्या दिवशी मुंबईत तेवढा पाऊस पडून जातो. उन्हाळ्यात तिथल्या उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापतो. वाळवंटी समपादाला यावर एकच उपाय आहे आणि तो म्हणजे बीळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पावसाची ओल अजून मातीच्या वरच्या थरांत असते तेव्हा, तरुण प्राणी बाहेर पडतात आणि कुणीतरी एकजण खणायला लागतो. वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती जबड्याने कुरतडायची आणि बाहेर आणून टाकायची, असे ते काम आहे. सुरुवातीला बीळ काही सेंटिमीटरच असते. उन्हाळा चढतो तशी माती वरून खाली सुकत जाते आणि बीळ ओलीचा पाठलाग करत खोल खोल जाते, अर्ध्या मीटरपर्यंत, कधी त्याहून खाली. माझ्या युक्तिवादाचा खुंटा इथे आहे. मे महिन्यानंतर वरची माती कोरडी आणि टणक होते. त्या मातीत नव्याने बीळ खणायला घेतले तर ओलीपर्यंत पोचण्याआधीच खणणारा वाळून मरेल. म्हणजे वसंतात ज्याने बीळ धरले त्याला उन्हाळा आहे, ज्याने गमावले त्याला तो नाही. दुसरे बीळ बांधता येत नाही, विकत मिळत नाही, भाड्याने तर नाहीच. ते हिसकावून घेता मात्र येते.

हिसकावून घेता येते म्हणूनच राखावे लागते. पण बिळात अन्न नाही. वाळलेली पाने, देठ, मातीवरचा सूक्ष्म जीवांचा पातळ पापुद्रा हे सगळे बाहेर, आणि त्यासाठी बीळ सोडून जावे लागते. एकट्या प्राण्यासमोर मग दोनच वाटा उरतात: दाराशी बसून उपाशी राहणे, किंवा जेवायला जाऊन बेघर होणे. या पेचातून सुटायला दुसरे कुणीतरी लागते. एक दाराशी, एक चाऱ्याला, मग उलट. कार्ल एडुआर्ड लिन्सेनमायर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९७१ पासून या जातीच्या जोड्यांवर जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांतून नेमके हेच चित्र उभे राहते. जोडी जमायला बराच वेळ लागतो. बिळाचा मालक आलेल्याला सहजासहजी आत घेत नाही. एकदा घेतले की दोघे आळीपाळीने पहारा देतात. पहारा देणारा आपल्या शरीराने बिळाचे तोंड बुजवून बसतो आणि येणाऱ्याला मिशांनी चाचपतो. आपला जोडीदार असेल तर वाट देतो, परका असेल तर हाकलतो. ही ओळख जोडीदाराच्या अंगावरच्या रासायनिक खुणेवरून होते, आणि ती खूण दुरून येणाऱ्या वासासारखी नसते, अंगाला अंग लागल्यावरच कळते. डोळ्यांचा इथे फारसा उपयोग नाही. ही ओळख व्यक्तीची आहे: अमुक एक मादी, अमुक एक नर. चौदा पायांच्या, कोळंबीच्या नात्यातल्या प्राण्याला एवढे जमावे याचे आश्चर्य वाटते खरे, पण पेच लक्षात घेतला की त्याची गरज कळते. दार राखायचे म्हणजे कुणाला सोडायचे हे ठाऊक हवे. ओळखीशिवाय पहारा म्हणजे नुसती भिंत.

पिल्ले झाली की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. एका वेळी पन्नास ते शंभर, कधी त्याहून जास्त पिल्ले जन्मतात. सुरुवातीला ती बिळाबाहेर पडत नाहीत; आईबाप वाळलेली पाने ओढून आणतात आणि ती आत खातात. पुढे तीही चरायला बाहेर जाऊ लागतात. आता पहारेकऱ्याला दोघांची नव्हे, शंभर जणांची ओळख ठेवायला हवी. प्रत्येकाची वेगळी ओळख लक्षात ठेवणे अशक्यच. लिन्सेनमायर यांच्या प्रयोगांनी दाखवले की इथे ओळखीची रीतच बदलते. प्रत्येक प्राण्याच्या अंगावरच्या रसायनांची ठेवण आनुवंशिक असते. बिळात अंगाला अंग घासून सगळ्यांची रसायने मिसळतात आणि त्या मिश्रणातून एक सामायिक कौटुंबिक खूण तयार होते. एका घरचे मिश्रण दुसऱ्या घरच्यासारखे नसते. ही खूण जन्मजात कुणालाच पाठ नसते, ती शिकावी लागते. आणि कात टाकणे, वाढणे यांमुळे मिश्रण बदलत राहते म्हणून ती पुन्हापुन्हा शिकावी लागते. घरचाच एखादा परक्या कुटुंबाच्या अंगाला लागून आला, त्याच्या अंगावर परक्यांची रसायने लागली, तर त्याला घरचेही परके मानतात. परक्या कुटुंबाचे पिल्लू दाराशी आले तर ते खाल्लेही जाते. आपल्या शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांच्या बाबतीत असले काही बोलायचे झाल्यास फार जपून बोलावे लागले असते. समपादांच्या बाबतीत ते निबंधात लिहून मोकळे होता येते.

घराबाहेरचा भागही याच सूत्रात बसतो. हॉफमन या संशोधकाने १९८० च्या दशकात या प्राण्याच्या परतीच्या वाटेचा अभ्यास केला. चरायला गेलेला प्राणी वळणावळणाने जातो, पण परतताना सरळ बिळाच्या दिशेने येतो. आपण किती गेलो, कोणत्या दिशेने गेलो, याची बेरीज तो चालता चालता ठेवत असतो. बेरीज थोडी चुकली आणि दार सापडले नाही, तर तो आडवातिडवा भटकत नाही. बीळ जिथे असायला हवे होते त्या जागेभोवती वेढे घेत शोधतो, पुन्हा त्या जागी येतो, पुन्हा थोडा मोठा वेढा घेतो. ज्याला कोणत्याही दगडाखाली निवारा मिळू शकतो, त्या प्राण्याला हा सगळा खटाटोप लागत नाही. एकच दार असलेल्यालाच त्या दाराचा असा हिशेब ठेवावा लागतो, आणि हिशेब थोडक्यात चुकून शेजारच्या बिळाशी गेला तर तिथला पहारेकरी त्याला ओळखत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शब्दांचा. कुटुंब, जोडीदार, घर हे माणसांचे शब्द. ते किड्यामुंग्यांना लावले की आपण नकळत आपल्या भावना त्यांच्या अंगावर पांघरतो. हा आक्षेप गंभीर आहे, म्हणून शब्दाचा अर्थ नीट पाहू. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाचे जे वर्णन केले, त्यात एका छपराखाली राहणे, एका चुलीवरचे अन्न खाणे, मालमत्ता सामायिक असणे, समान देवधर्म आणि नात्याचे बंध या गोष्टी आल्या आहेत. या यादीत भावना जवळजवळ नाहीत. आहे ती जागा, अन्न, मालमत्ता आणि नाते. देवधर्म सोडला आणि चुलीऐवजी बिळात आणलेली पाने धरली, तर वाळवंटी समपादाचे बिऱ्हाड त्या यादीला बऱ्यापैकी उतरते. खटल्याचे घर म्हणतात तसले ते आहे. माणसाच्या कुटुंबाचे मूळ समपादाच्या बिळात आहे असे मी म्हणत नाही. माणसाच्या कुटुंबाला भाषा, वारसा, लग्नाचे नियम आणि मुख्य म्हणजे त्याबद्दल भांडता येण्याची सोय आहे. मी एवढेच म्हणतो की कुटुंब हा शब्द इरावतीबाईंनी वापरला त्या थंड, वर्णनात्मक अर्थाने वापरला, तर तो इथे लबाडी करत नाही. एकपत्नीव्रत हा शब्द मात्र मी जाणूनबुजून टाळला आहे. त्याला व्रताचा वास आहे, आणि व्रत हे मोडता येते म्हणूनच व्रत असते.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. कोरडेपणामुळे कुटुंब झाले म्हणता, तर इतर वाळवंटातल्या समपादांना ते का नाही? आणि हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात व्हेनेझिलो ॲरिझोनिकस नावाची जात राहते, तिचे शरीरशास्त्र १९६० च्या दशकापासून अभ्यासले गेले आहे. ती घट्ट गोळी होते, फटींत आणि पाचोळ्यात लपते. असे कुटुंब तिच्यात दिसत नाही. म्हणजे नुसता कोरडेपणा हे कारण पुरत नाही, हे मी मान्य करतो. पण त्यातूनच माझे म्हणणे अधिक बांधेसूद होते. फट कुणी खणलेली नसते, ती हरवली तर दुसरी शोधता येते. फटीला मालक नसतो, म्हणून पहारेकरीही लागत नाही. कोरडेपणा, त्याच्या जोडीला खणावे लागणारे बीळ, आणि ते बीळ उन्हाळ्यात दुसऱ्यांदा खणता न येणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच पेच पुरा होतो. उलट बाजूनेही तपासता येते. उत्तर आफ्रिकेच्या वालुकामय भागात पोर्सेलिओ अल्बिनस ही पांढुरकी, रात्री हिंडणारी जात बिळे खणते आणि तिथेही कौटुंबिक राहणी आढळते. अफगाणिस्तानातल्या हेमिलेपिस्टस अफगानिकस या जातीची सामाजिक राहणीही १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. अफगाणी जात तर आपल्या जातीची सख्खी चुलतबहीण, तिचा पुरावा अर्धा धरावा. पोर्सेलिओ मात्र वेगळे घराणे आहे, आणि त्यात ही राहणी स्वतंत्रपणे उपजलेली दिसते. वेगवेगळ्या घराण्यांना एकाच पेचातून एकच वाट सापडली, हा पुरावा मी सर्वांत वजनदार मानतो.

तिसरा आक्षेप जीवशास्त्रातल्या सुशिक्षितांकडून येतो. १९६४ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी दाखवले की जवळच्या नातलगाला मदत करणे हे निसर्गनिवडीत टिकू शकते, कारण नातलगाच्या शरीरात आपलीच जनुके काही प्रमाणात असतात. मग बिळाचे एवढे प्रस्थ कशाला, आईबापांचे आणि पिल्लांचे नाते पुरेसे नाही का? नाते आवश्यक आहे, यात वाद नाही. परक्या पिल्लाला पोसणारा समपाद वंश वाढवणार नाही. पण विचार करा, आई आणि पिल्लू यांचे नाते कुंडीखालच्या समपादातही तेवढेच असते. जमिनीवरच्या सर्व समपादांच्या माद्या पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवतात, आणि त्यांतल्या बहुतेक माद्या पिल्ले बाहेर पडताच त्यांच्याकडे वळून पाहत नाहीत. सगळीकडे सारखे असलेले कारण एकाच ठिकाणचा फरक समजावून देऊ शकत नाही. शिवाय या संसाराची सुरुवात ज्या दोघांपासून होते, ते नर आणि मादी परस्परांचे रक्ताचे कुणी नसतात. सर्वांत पहिला पहारा परक्याने परक्यासाठी दिलेला असतो. हॅमिल्टन यांचे सूत्र बरोबर आहे. ते पेरणीयोग्य जमीन दाखवते, पाऊस कुठे पडला ते सांगत नाही.

यालाच जोडून नराबद्दल विचारले जाते. मादीला पिल्ले पोटाशी आहेत, तिचे थांबणे समजते; नराने एका मादीशी सलगी करून दुसरीकडे का जाऊ नये? प्राण्यांच्या जगात नर बहुधा तसेच करतो, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण इथे सगळ्या माद्या थोड्याच आठवड्यांत, एकाच वसंतात जोडी जमवतात. पहिली सोडून निघालेल्या नराला बाहेर भेटतात त्या दारे बंद करून बसलेल्या जोड्या. दुसरी मादी मिळेपर्यंत माती सुकते, आणि त्याला स्वतःचे बीळ राहत नाही. त्यातच या जातीचा प्राणी साधारण वर्षभरच जगतो आणि मादीला आयुष्यात एकदाच पिल्ले होतात. एकच डाव, एकच घर, आणि दार सोडणाऱ्याला परत येण्याची हमी नाही. अशा हिशेबात थांबणे स्वस्त पडते. कुणी म्हणेल की हे फारच व्यवहारी झाले. झाले खरे. पण ओळख, तिच्यासाठी लागणारे शिकणे, परतीच्या वाटेची बेरीज, पिल्लांसाठी पाने ओढणे हे सगळे त्या व्यवहाराच्या पोटी आलेले आहे, आणि ते साधे नाही. उगम रोकडा असला म्हणून पुढचे कमअस्सल ठरत नाही.

शेवटचा पुरावा मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तो माझ्या म्हणण्याची कसोटी आहे. कारण बरोबर असेल तर ते संपल्यावर परिणामही संपला पाहिजे. बिळाच्या तोंडाभोवती वर्षभर एक कडे साचत जाते. वाळवंटी समपाद अन्नासोबत बरीच माती गिळतो आणि त्याच्या लेंड्या बाहेर नेऊन टाकल्या जातात. हे प्रमाण एवढे असते की नेगेवच्या उतारांवरून पावसात किती माती वाहून जाते याचा अभ्यास करणाऱ्या यैर आणि रूटिन यांना १९८१ मध्ये सायाळीच्या खोदकामाबरोबर समपादांचाही हिशेब धरावा लागला. हिवाळ्यात पाऊस येतो, लेंड्या विरघळून उतारावरून वाहून जातात, आणि माती पुन्हा वरपर्यंत भिजते. आईबाप तोवर मेलेले असतात. पिल्ले, जी आता पिल्ले राहिलेली नाहीत, हिवाळा त्याच बिळात एकत्र काढतात. मग फेब्रुवारी येतो, ओल कुठेही असते, कोणत्याही ठिकाणी खणता येते. महिनोन्महिने एकमेकांच्या अंगावरची खूण ओळखत आलेली ही भावंडे तेव्हा एकेक करून बाहेर पडतात आणि वेगवेगळ्या दिशांनी जातात. दाराशी त्या दिवशी कुणी बसलेले नसते.